ऐकू आलं म्हणजे कळलं का?

सोलापुरात दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी ही काही नवलाची गोष्ट नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा देवदर्शनाच्या फेऱ्या, पुण्याकडे आणि हैदराबादकडे जाणारा महामार्ग, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारं ऊन आणि काळ्या मातीची धूळ यांतून निघालेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येते, तेव्हा तिच्या इंजिनातून काही ना काही आवाज येतच असतो. मालक ती गॅरेजला नेतो. मिस्त्री बॉनेट उघडतो, सेल्फ मारायला सांगतो, जरा रेस द्यायला सांगतो आणि अर्ध्या मिनिटात म्हणतो, "टॅपेट वाजतंय." किंवा म्हणतो, "बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल." एका वाक्यावर थोडक्यात भागणारं काम ठरतं, दुसऱ्यावर घरातली साठवलेली रक्कम जाते. दोन्ही वाक्यं सारख्याच खात्रीनं उच्चारली जातात आणि ऐकणाऱ्याला त्यांतला फरक कळायला काहीच साधन नसतं. म्हणून या वाक्याचा दर्जा काय, हा प्रश्न विचारायला हवा. ते ज्ञान आहे, अंदाज आहे की नुसता विश्वास? दिसतं किंवा ऐकू येतं त्यावरून न दिसणाऱ्याबद्दल बोलण्याचा अधिकार माणसाला कशानं मिळतो, हा भारतीय दर्शनांचा फार जुना प्रश्न आहे. ईश्वर आहे का, आत्मा आहे का, ही चर्चासुद्धा याच प्रश्नातून पुढे गेली. माझं म्हणणं असं, की गॅरेजमधलं निदान त्याच जातीचं काम आहे, त्याला तेच नियम लागू होतात. आवाज ऐकू येणं ही त्यातली सगळ्यात सोपी पायरी. तो आवाज कधी थांबतो हे शोधल्यावाचून, आणि ते कारण पैसे देणाऱ्यासमोर मांडल्यावाचून, निदानाला ज्ञान म्हणता येत नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचा एक प्रकार सांगितला आहे: कार्यावरून कारणाकडे जाणारा. त्याचं उदाहरण नदीचं आहे. नदीला पूर आलेला दिसला, म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला. त्याच ग्रंथात पुढे यावर आक्षेप घेतला आहे आणि तो सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. नदी बंधाऱ्यामुळेही फुगू शकते, मग पुरावरून पावसाचं अनुमान करायचं कसं? उजनी धरणातून विसर्ग सोडला की पंढरपुरात चंद्रभागेची पातळी वाढते, आणि त्या दिवशी आकाश कोरडं असू शकतं. आक्षेपाचं आणखी एक उदाहरण तर थेट आवाजाचं आहे. मोराची केका ऐकून मोर आहे असं म्हणावं, तर माणूसही मोराचा आवाज काढू शकतो. गौतमाचं उत्तर मला निर्णायक वाटतं. भाष्यकार वात्स्यायन ते असं उलगडतो, की यात अनुमान चुकत नाही, अनुमान करणारा चुकतो. नुसतं वाढलेलं पाणी हे पावसाचं चिन्ह नव्हेच. तो सांगतो की फेस, वेग, वाहून आलेली पानं आणि लाकडं यांसकट वाढलेलं पाणी हे चिन्ह आहे. ज्यानं हा विशेष पाहिला नाही त्यानं भलतंच चिन्ह हाताशी धरलं. इंजिनालाही मोराचा आवाज काढणाऱ्या बऱ्याच वस्तू चिकटलेल्या असतात. सायलेन्सरच्या पाइपावरचा उष्णतारोधक पत्रा सैल झाला की विशिष्ट गतीला असा खडखडतो, की टायमिंग चेन गेली असं वाटावं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली की तिथून सुटणारा वायू टॅपेटसारखा टकटकतो. डायनॅमोच्या बेअरिंगचा घरघराट बॉनेटखाली घुमून गिअरबॉक्समधून आल्यासारखा वाटतो.

इथे एक भेद नीट धरायला हवा, कारण बहुतेक भांडणं तो सुटल्यामुळे होतात. कानाला प्रत्यक्ष होतो तो टकटकाट. टॅपेट कानाला प्रत्यक्ष होत नाही. "टॅपेटचा आवाज येतोय" या एकाच वाक्यात एक प्रत्यक्ष आणि एक अनुमान असे दोन वेगळ्या दर्जाचे भाग एकमेकांत मिसळलेले असतात, आणि पहिल्याची खात्री दुसऱ्यालाही लागून जाते. आवाज आला यात शंका नसते, म्हणून टॅपेटबद्दलही शंका नाही असं वाटायला लागतं. हे मिश्रण सोडवायचं तर आवाजाचे गुण आधी वेगळे नोंदवावे लागतात: तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर, थंड असताना येतो की तापल्यावर, भार पडल्यावर वाढतो की पाय उचलल्यावर. यातली प्रत्येक नोंद यंत्राच्या रचनेशी बांधलेली आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो. उभ्या गाडीत क्रँक मिनिटाला आठशे फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला तेरा-एक फेऱ्या होतात आणि कॅमच्या साडेसहा. एखाद्याच व्हॉल्व्हची फट वाढली असेल तर त्याचा टकटकाट या निम्म्या गतीनं येतो; तो हलका, कोरडा आणि वरच्या झाकणाखालून आल्यासारखा असतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका खालून येतो, जड असतो, आणि तेल तापून पातळ झालं की वाढतो. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत असेल तर उलट होतं: सकाळी पहिल्यांदा चालू करताना आवाज जास्त, पिस्टन तापून फुगला की कमी. ही सगळी माहिती जाणत्या मिस्त्रीला असतेच. ती त्यानं एकेका गुणावर लावून पाहिली का, एवढाच प्रश्न उरतो.

बौद्ध तर्कपंडित दिङ्नागानं खऱ्या हेतूला, म्हणजे चिन्हाला, तीन अटी घातल्या. ज्याबद्दल बोलतो आहोत तिथे चिन्ह असलं पाहिजे. जिथे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, नक्की आहे अशा दुसऱ्या ठिकाणीही ते चिन्ह दिसलं पाहिजे. आणि जिथे साध्य नाही तिथे ते कधीही दिसता कामा नये. पहिल्या दोन अटी अनुभवी माणूस नकळत पाळतो: या गाडीत आवाज आहे, आणि असा आवाज आलेल्या कितीतरी गाड्यांचं बेअरिंग गेलेलं त्यानं पाहिलं आहे. तिसरी अट पाळायला मात्र मुद्दाम उठावं लागतं, कारण नसलेल्या गोष्टीकडे लक्ष आपोआप जात नाही. धूर आणि आग यांच्या शास्त्रीय उदाहरणात स्वयंपाकघराच्या जोडीला तळं घेतात ते यासाठीच. तळ्यात आग नाही आणि धूरही नाही, हे पाहिल्याखेरीज धुराची साक्ष पुरी होत नाही. गॅरेजमध्ये हे तळं तयार करावं लागतं, म्हणजे संशयित भाग क्षणभर कामातून काढून आवाज उरतो का ते पाहावं लागतं.

क्लचची तपासणी यासाठी जवळून पाहण्यासारखी आहे. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, क्लचवरून पाय काढलेला. या अवस्थेत इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही फिरत असतो. घरघर ऐकू येते आहे. आता क्लच पूर्ण दाबायचा आणि थांबायचं. इंजिन तसंच चालू राहतं, पण इनपुट शाफ्ट सुटा होऊन मंदावतो आणि थांबतो. त्याबरोबर घरघरही विरत गेली, तर दोष गिअरबॉक्सच्या आत, बहुधा त्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये. फरकच पडला नाही, तर गिअरबॉक्सला दोष देण्याचं कारण उरलं नाही. इंजिनाकडे किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या भागांकडे वळायचं. आणि आधी शांत असलेली गाडी क्लच दाबल्यावर कुरकुरली, तर क्लच रिलीज बेअरिंग. एका पायाच्या हालचालीनं, एकही नट न उघडता, तीन कारणं वेगळी होतात. बोलेरो, सुमोसारख्या मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत आणखी एक सोय असते. बहुधा चौथ्या गिअरला जोर मधल्या शाफ्टवरून न जाता सरळ पुढे जातो. बाकी गिअरना येणारा आवाज त्या एकाच गिअरला मावळला, तर मधल्या शाफ्टचं बेअरिंग किंवा दाते. इंजिनातल्या ठोक्यासाठी एकेका सिलिंडरचं जळण क्षणभर बंद करून पाहतात. ज्या सिलिंडरला ठोका मऊ होतो त्याच्या रॉडवर संशय जातो, कारण भारच काढून घेतला. पट्टा उतरवून इंजिन थोडा वेळच चालवलं, की डायनॅमो आणि वॉटर पंप निर्दोष की दोषी ते कळतं. चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढणारी घुमघुम क्लच दाबून इंजिन मंद केल्यावरही तशीच राहिली, तर इंजिनाचा संबंध संपला. मग रस्ता मोकळा असताना हळूच डावी-उजवीकडे वळवून कुठल्या चाकावर भार आला की आवाज बदलतो ते पाहायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवून ऐकणारा मिस्त्री जादू करत नसतो. तो प्रत्येक ठिकाणी विचारत असतो, इथे आवाज कमी आहे का?

न्यायशास्त्रात पुढे उपाधीची कल्पना आली आणि ती या क्षेत्रात जितकी उपयोगी आहे तितकी क्वचितच दुसरीकडे असेल. धूर आहे तिथे आग असते. पण आग आहे तिथे धूर असतोच असं नाही, कारण धुराला ओलं जळण लागतं. ओलं जळण ही उपाधी, म्हणजे लपलेली अट. आवाजाच्याही उपाध्या असतात आणि तेल ही त्यांतली सगळ्यात फसवी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत टायमिंग चेनच्या टेन्शनरमधलं तेल उतरलेलं असतं. सेल्फ मारल्यावर दोन-तीन सेकंद खडखडाट होतो आणि तेलाचा दाब आला की थांबतो. त्या दोन-तीन सेकंदांत साखळीच्या झिजेची खूण असते. इंजिन आधीच तापवून ठेवलं तर ती ऐकू येणार नाही. प्रमाणापेक्षा जाड तेल घातलं तर सैल बेअरिंगचा ठोका काही काळ दबून जातो. सोलापूरच्या हवेचीही एक उपाधी आहे: मे महिन्यात इथलं "थंड" इंजिनसुद्धा तीस-पस्तीस अंशांवर असतं, त्यामुळे थंडीत स्पष्ट ऐकू येणारा पिस्टनचा आवाज उन्हाळ्यात पुसट होऊ शकतो. डिसेंबरातल्या पहाटे गाडी ऐकणारा आणि मे महिन्याच्या दुपारी ऐकणारा, दोघेही प्रामाणिक असून वेगळं सांगतील.

यावरून जुनी गाडी घेणाऱ्याची सगळ्यात महाग चूक कळते. तो गाडी चालवून पाहतो, काही ऐकू येत नाही, आणि म्हणतो, "इंजिन एक नंबर आहे." न दिसण्यावरून नसणं ठरवता येतं का, यावर भाट्ट मीमांसक, अद्वैती आणि बौद्ध यांनी फार कसोशीनं विचार केला. या न दिसण्याला, म्हणजे अनुपलब्धीला, भाट्टांनी आणि अद्वैत्यांनी स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन मानलं; बौद्ध धर्मकीर्तीनं ती अनुमानाचाच भाग मानली. पण अट सर्वांनी सारखीच घातली. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही यावरून काहीच ठरत नाही. विकणारा गाडी तापवून ठेवतो, काचा वर, एसी चालू, गाणी लावलेली, आणि फेरी गावातल्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरला. हा सगळा अंधार आहे. अशा वेळी ऐकू न आलेल्या आवाजावरून निघणारा निष्कर्ष शून्य किमतीचा असतो. गाडी रात्रभर उभी असलेली हवी, बॉनेटला हात लावून ती गार आहे हे पाहायचं, काचा खाली, पंखा बंद. मग चढावर वरच्या गिअरला जोर देऊन, मग वेगात पाय उचलून, मग स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश, म्हणजे पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा सांधा झिजला असेल तर कटकट ऐकू येईल. एवढं करूनही शांतता राहिली तरच त्या शांततेला अर्थ आहे.

या सगळ्यावर एक मूलगामी आक्षेप आहे आणि तो चार्वाकांचा आहे. सगळ्या काळातली, सगळ्या ठिकाणची उदाहरणं कुणीच पाहू शकत नाही. म्हणून व्याप्ती, म्हणजे चिन्ह आणि साध्य यांचा न चुकणारा संबंध, कधी सिद्धच होत नाही आणि अनुमान हे प्रमाणच नव्हे. गॅरेजच्या भाषेत: उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही, बाकी सगळी बडबड. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते आदरानं ऐकायला हवं. दहाव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचार्यांनी यावर दिलेलं उत्तर असं, की शंकेलाही मर्यादा आहे आणि ती आपल्या कृतीनं पडते. ज्या गोष्टीवर शंका घेतली तर आपलंच वागणं खोटं ठरेल, तिथे शंका थांबते. अनुमानच खोटं म्हणणारा माणूस भूक लागली की जेवतो, कारण जेवणानं भूक भागते या व्याप्तीवर तो पूर्ण विसंबून असतो. उघडून बघू म्हणणारासुद्धा अनुमान टाळत नाही. उघडायचं काय, इंजिन की गिअरबॉक्स? ते आधी ठरवावं लागतं, आणि ते अनुमानानंच ठरतं. शिवाय उघडणं ही निरुपद्रवी पाहणी नसते. जुन्या इंजिनाचं हेड उतरवलं की गॅस्केट बदलावी लागते, बोल्ट ताणलेले असतात, आजवर धरून राहिलेलं सील पुन्हा बसवताना गळू लागतं. म्हणजे अनुमानात जेवढं काम स्वस्तात होतं तेवढं आधी पुरं करणं हे मालकाशी आणि यंत्राशीही न्यायानं वागणं आहे. चार्वाकांचं ऋण मात्र मान्य करायला हवं: त्यांनी विचारलं म्हणूनच नैयायिकांना उपाध्या शोधाव्या लागल्या.

आजचा आक्षेप वेगळा आहे. स्कॅनर लावला की दोष कळतो, कानाचे दिवस गेले. स्कॅनरचा मान ठेवलाच पाहिजे. चारपैकी कोणता सिलिंडर अधूनमधून चुकतो आहे हे तो ज्या बारकाईनं मोजतो ते कानाला जमणार नाही. पण स्क्रीनवर उमटणारा कोड हेही एक चिन्हच आहे, साध्य नव्हे. इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर म्हणजे कंपनं ऐकणारा एक कानच असतो, आणि तोही फसतो: बाजूचा एखादा सैल ब्रॅकेट वाजत राहिला तर तो त्यालाच जळणाचा स्फोट समजतो आणि कॉम्प्युटर विनाकारण टायमिंग मागे घेतो. हाताच्या गिअरबॉक्सच्या बेअरिंगला तर बहुतेक गाड्यांत कोणताच सेन्सर नसतो. कोड नाही म्हणून दोष नाही असं तिथे म्हणणं ही पुन्हा अंधारातल्या घड्याचीच चूक. कोडवरून सेन्सर बदलायचा, तरी दिवा पेटला की दुसरा सेन्सर बदलायचा, असं काम आज होताना दिसतं. त्यात आणि "बेअरिंग गेलंय" म्हणून झटकन इंजिन उतरवण्यात तत्त्वतः काहीच अंतर नाही. दोन्हीकडे दिङ्नागाची तिसरी अट सोडून दिलेली असते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. मुरलेल्या मिस्त्रीचा कान जे ओळखतो ते त्याला शब्दांत सांगता येत नाही. मग कारण मांडा असा आग्रह धरणं म्हणजे शिकलेल्या माणसानं हाताच्या विद्येवर केलेली जबरदस्ती नाही का? तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली हाच विचार मांडला, की माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून अधिक त्याला माहीत असतं. सोलापूरसारख्या गावात तर हे कुणी नाकारूच नये. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, पुढे पूर्व भागात घरोघर माग आले, आणि मागाच्या लयीत कुठे खोट पडली हे कानावरून ओळखणाऱ्या कामगारांच्या पिढ्या इथे झाल्या. पण तर्कशास्त्रानं या अडचणीला जागा ठेवलेली आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्वतःसाठीचं आणि दुसऱ्यासाठीचं. स्वतःसाठीचं अनुमान मनातल्या मनात झालं तरी चालतं. तिथे शब्द लागत नाहीत. दुसऱ्याला पटवायचं तेव्हा मात्र पाच अवयव मांडावे लागतात, त्यांत हेतूही येतो आणि उदाहरणही. मिस्त्रीनं आपला कान शब्दांत उतरवावा अशी मागणी कुणीच करत नाही. त्यानं कानानं धरलेला संशय ज्या परीक्षेनं पक्का झाला ती परीक्षा दाखवावी, एवढीच मागणी आहे. क्लच दाबल्यावर आवाज थांबला, हे गाडीचं काहीही न कळणाऱ्या माणसालाही ऐकू येतं. फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी १८१६ साली स्टेथोस्कोप घडवला; त्यांचं मोठेपण नुसत्या नळीत नव्हतं. छातीत ऐकलेला आवाज त्यांनी पुढे शवविच्छेदनात दिसलेल्या बिघाडाशी ताडून पाहिला, म्हणून त्या आवाजांना इतरांनीही वापरावं असा अर्थ आला. काढलेलं बेअरिंग मालकाच्या हातावर ठेवणं, ते फिरवून त्याची खरखर दाखवणं, हे त्याच जातीचं ताडून पाहणं आहे. ज्या गॅरेजमध्ये जुना भाग दाखवला जात नाही तिथे मिस्त्रीचा स्वतःचा कानही सुधारत नाही, कारण आपण चुकलो हे त्याला कधी कळतच नाही.

इथून हा प्रश्न ज्ञानाकडून धर्माकडे वळतो. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर मिस्त्रीचं बोलणं हे अनुमान नसून शब्दप्रमाण आहे. त्याला आप्तवाक्यावर विसंबायचं आहे. आप्त कोण? वात्स्यायनाचं उत्तर असं, की ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेलं हे वाक्य मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात विशेष मोलाचं आहे. गॅरेजमधला माणूस कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, किती शिकलेला, याचा त्याच्या आप्तत्वाशी संबंध नाही. तपासलं का, आणि तपासलं तसंच सांगितलं का, या दोनच गोष्टींशी आहे. "मला अजून कळलेलं नाही, उघडून बघावं लागेल" हे वाक्यही या लक्षणात पुरेपूर बसतं, किंबहुना खोट्या खात्रीपेक्षा जास्त बसतं. प्रामाणिक कामाचा हा धागा या गावात जुना आहे. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शरण, म्हणजे शिवभक्त संत. त्यांचं नाव तळ्याच्या आणि मंदिरांच्या कामाशी जोडलेलं आहे, आणि शरणांनी कायकाला, म्हणजे घाम गाळून केलेल्या प्रामाणिक कामाला, पूजेचं स्थान दिलं. पण पंधराव्या शतकातल्या शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू हे शरण सोलापुरात येतात ते सिद्धरामांच्या या कामालाच प्रश्न करत: आतलं ज्ञान नसेल तर नुसत्या खोदकामानं काय साधलं? मला या प्रसंगाचा अर्थ श्रमाचा अनादर असा वाटत नाही. कष्ट आणि जाणणं यांची फारकत होऊ नये, असा तो आग्रह आहे. दिवसभर राबून एकामागून एक भाग बदलत राहणं हे कष्टच. पण तपासल्याशिवाय केलेले ते कष्ट मालकालाही बुडवतात आणि कारागिरालाही पुढे नेत नाहीत.

यावर गॅरेजवाल्याचं उत्तर रास्त आहे आणि त्याला टाळून हा विषय पुरा होत नाही. तो म्हणेल, तपासणीचे पैसे देतो कोण? अर्धा तास कान लावा, पट्टा उतरवा, गाडी फिरवून आणा, आणि शेवटी पत्र्याचा एक स्क्रू आवळला तर मालक म्हणतो, "एवढ्यासाठी कसले पैसे?" मजुरी मिळते ती भाग बसवण्याची, जाणण्याची नाही. डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण औषध किती दिलं हे मोजत नाही. मिस्त्रीला मात्र मोजतो. मग ज्यानं स्वस्तातला खरा दोष शोधला त्याचं नुकसान होतं आणि ज्यानं इंजिन उतरवलं त्याचं घर चालतं. अशा व्यवहारात आप्त निपजावेत ही अपेक्षा ठेवणारा दोषातून सुटत नाही, आणि हा दोष ग्राहकाचा, म्हणजे आपला आहे. तेव्हा जुन्या गाडीतून आवाज येऊ लागला की गाडी सकाळी थंड असताना दाखवा, आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो ते मिस्त्रीला नीट सांगा, कोणत्या परीक्षेवरून दोष ठरवला ते विचारा, आणि काढलेला भाग हातात घेऊन बघा. आणि हे विचारण्याआधी तपासणीची मजुरी वेगळी ठरवा, ती पुरी द्या; काम मोठं निघो, छोटं निघो, किंवा काहीच न निघो.